फडताळातले स्पीकर

बांदोड्याच्या त्या घरी स्पीकर पोचवायचे, तारा जोडायच्या आणि दुपारच्या जेवणाला फोंड्याला परत यायचं, असा बेत होता. दुरुस्ती आधीच संपली होती. प्रत्यक्षात निघालो तेव्हा दिवेलागण झाली होती. एवढा वेळ एकाच प्रश्नात गेला: हे स्पीकर या खोलीत ठेवायचे कुठे?

स्पीकर अकूस्टिक रिसर्च या अमेरिकन कंपनीचे, एआर-३ए. जुन्या स्पीकरांच्या नादी लागलेल्यांना हे नाव समजावून सांगावं लागत नाही. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. १९५४ साली एडगर व्हिल्चर यांनी पूर्ण बंद पेटीतला छोटा स्पीकर लोकांपुढे आणला. तोवर खोल खर्ज हवा असेल तर कपाटाएवढी पेटी लागायची. व्हिल्चर यांनी वूफरची, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याची, बैठक मुद्दाम सैल ठेवली आणि पडदा मागे आणण्याचं काम पेटीत कोंडलेल्या हवेवर सोपवलं. हवेची स्प्रिंग कापडाच्या किंवा लोखंडाच्या स्प्रिंगेपेक्षा जास्त इमानाने वागते, म्हणून लहान पेटीतूनही स्वच्छ खर्ज मिळू लागला. त्याच घराण्यातला ३ए हा १९६७ चा. बारा इंची वूफर, मधल्या सुरांना घुमटाच्या आकाराचा दीड इंची पडदा, वरच्या सुरांना तसाच पाऊण इंची घुमट. एकेक पेटी चोवीस किलोची.

घरातले काका बोटीवर इंजिनियर होते. सत्तरच्या दशकात अमेरिकेच्या एका बंदरातून त्यांनी ही जोडी आणली आणि हयात असेपर्यंत रोज वाजवली. ते गेल्यावर पेट्या माळ्यावर गेल्या. गोव्याच्या हवेत न वाजवलेला स्पीकर फार लवकर खराब होतो. माझ्याकडे आल्या तेव्हा वूफरच्या कडेचा फोम बोट लावताच काळ्या चिकट भुशासारखा गळत होता. पाठीमागे मधल्या आणि वरच्या सुरांची पातळी कमीजास्त करणारे दोन पॉट असतात, ते हिरवे पडले होते. एआरचे पॉट गंजतात हे जगभर ठाऊक आहे, पण चार महिने पाऊस खाणाऱ्या घरात ते जितके गंजतात तितके मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत. नवा फोम बसवला, पॉट बदलले, तिन्ही पडद्यांना आपापले सूर वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हरचे ६, ५० आणि १५० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर मोजले आणि माप सोडलेले बदलले. वूफर ज्या चिकणमातीसारख्या पुटीवर बसतो ती वाळून तडकली होती, तीही नवी भरली. पेटी हवाबंद आहे की नाही हे पाहायची सोपी रीत आहे: वूफर तळहाताने अलगद आत दाबायचा आणि सोडायचा. चटकन उसळून परत आला तर कुठेतरी फट आहे. सावकाश, रेंगाळत आला तर पेटी घट्ट आहे. दोन्ही वूफर रेंगाळत परत आले तेव्हाच मी काकींना फोन केला.

घर जुन्या पद्धतीचं. मधोमध राजांगण, म्हणजे वर उघडा चौक, भोवती पडव्या, मंगळुरी कौलं आणि दोन-दोन फूट जाडीच्या चिऱ्याच्या भिंती. गाणं ऐकायची खोली राजांगणाला लागून, साडेसोळा फूट लांब, लाल सिमेंटची जमीन, वर माळ्याच्या फळ्या. पुण्याला शिकणारा नातू सुटीवर आला होता. त्याने हौसेने सगळी तयारी करून ठेवली होती. आखूड भिंतीपासून तीन फूट पुढे दोन लोखंडी स्टँड, समोरच्या भिंतीला टेकून काकींची आरामखुर्ची, जमिनीवर खडूने आखलेला त्रिकोण. मुलाने वाचन बरंच केलं होतं. आजच्या बहुतेक स्पीकरांना त्याचा आराखडा बरोबरही ठरला असता.

आम्ही लावलं ते केसरबाईंचं गाणं, जुन्या तबकड्यांवरून उतरवलेलं. केसरबाई केरकर केरीच्या, म्हणजे याच फोंडा तालुक्यातल्या. एकाच माइकवर टिपलेलं हे गाणं स्पीकरांची जोडी तपासायला मला फार उपयोगी पडतं. दोन्ही पेट्या बरोबर जोडल्या असतील तर गळा दोघांच्या मधोमध, एका जागी उभा राहतो. एकीच्या तारा उलट्या लागल्या तर तोच गळा खोलीभर विरतो आणि खर्ज गायब होतो. ३एच्या पाठीमागे लाल-काळ्या खुणा नसतात, १, २ आणि टी अशी चिन्हं असतात, त्यामुळे खुणांवर न जाता मी दीड व्होल्टचा सेल लावून वूफर पुढे येतो की मागे जातो हे पाहून घेतो. इथे जोडणी बरोबर होती. गळा मध्यभागी आला. तरी गाणं पातळ वाटत होतं. तान स्पष्ट, पण आवाजाला बूड नव्हतं. काकी काही बोलल्या नाहीत. त्यांनी नातवाकडे पाहिलं, आणि त्यालाही कळलं.

“दादा, भिंतीजवळ नेले तर घुमतील ना?” त्याने विचारलं.

बहुतेक स्पीकर घुमतात, हे खरं. पण पेटी भिंतीपासून सुटी ठेवली की खर्ज जसा पुढे जातो तसा मागेही पसरतो आणि भिंतीवरून परततो. वूफरपासून भिंत तीन फुटांवर असेल तर हा जाऊन-येऊन सहा फुटांचा फेरा. ज्या सुराच्या लहरीची निम्मी लांबी सहा फूट, तो सूर परतताना नेमका उलटा होऊन मूळ सुराला खाऊन टाकतो. हा सूर येतो ९५ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ९५ कंपनांच्या आसपास, म्हणजे गाण्याचा पायाच जिथे असतो तिथे. नव्या स्पीकरांचे रचनाकार पेटी सुटी उभी राहणार हे गृहीत धरून खालचा भाग थोडा भरून देतात. ३ए त्या गृहीतावर बांधलेला नाही. हा पुस्तकांच्या शेल्फात, पुस्तकांच्या रांगेत बसणारा स्पीकर आहे. एआरचे लोक वूफर मोजताना तो मोकळ्या जागी जमिनीत पुरत, तोंड आकाशाकडे आणि पुढची कड जमिनीच्या पातळीत. आजूबाजूला सपाट पृष्ठभाग आणि पाठीमागे मोकळी जागाच नाही, अशी जागा त्याला हवी असते.

हे मी नातवाला सांगत होतो आणि माझी नजर त्याच आखूड भिंतीवर होती. मधल्या तसबिरीच्या दोन बाजूंना दोन फडताळं होती. भिंत चिऱ्याची, दोन फूट जाड, त्यामुळे फडताळं चांगली फूटभर खोल. रुंदी दोन फुटांच्या आत. खालची कड जमिनीपासून सव्वादोन फुटांवर. ३एची पेटी साडेअकरा इंच खोल, चौदा इंच रुंद, पंचवीस इंच उंच. मी टेप लावून पाहिली आणि मला खरोखर आनंद झाला. ज्याने हे घर बांधलं त्याला स्पीकर ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण जागा जणू मापाने सोडली होती.

फडताळांत पितळी भांडी, समया आणि काकांची जुनी बांधीव मासिकं होती. मी संकोचाने विचारलं. काकी म्हणाल्या, “भांड्यांना माळा आहे रे बाबा. तू तुझं काम कर.” आणि स्वतःच समया उतरवायला लागल्या.

पेटी आत सरकवण्याआधी पॉटची पातळी ठरवून घ्यावी लागली, कारण नंतर पाठीमागे हात जात नाही. चिऱ्याची भिंत पावसात ओल धरते, म्हणून तळाशी आणि पाठीशी लाकडी पट्ट्या ठोकून पेटी भिंतीपासून बोटभर सुटी ठेवली. पुढची कड भिंतीच्या सपाटीत आणली. बाजूच्या फटी तशाच सोडल्या तर त्यांत आवाज घुमला असता. तिथे काकांची मासिकं उभी लावली, गच्च. फडताळाच्या झडपा नातवाने बिजागऱ्यांसकट काढल्या. उघड्या ठेवलेल्या झडपा वरच्या सुरांना अडवतात आणि बंद केल्या तर आत ओल कोंडते.

परत तेच गाणं. या वेळी आवाजाला अंग आलं. केसरबाईंचा गळा खुल्या आकाराचा, भरदार. तो भरदारपणा छातीतून येतो आणि छातीचा सूर खालच्या पट्टीत असतो. तोच भाग सकाळी हरवला होता. काकी आरामखुर्चीत मागे टेकल्या आणि म्हणाल्या, “आतां बरें आयकूंक येता.” मी सामान आवरायला लागलो.

तेवढ्यात पाऊस आला, वाऱ्यासकट, आषाढात येतो तसा. राजांगणातून पाण्याचे सपकारे आत यायला लागले, म्हणून काकींनी राजांगणाचं दुपाखी दार आणि दोन्ही खिडक्या लावून घेतल्या. नातवाने काकांच्या आवडत्या एका पुरुष गायकाची एलपी लावली होती. दार लागलं आणि तंबोऱ्याचा खर्ज एकदम सुजला. डग्ग्याचा एखादा घुमारा त्या सुरावरून गेला की तोही फुगायचा. बाकी सगळं नीट, एवढा एक सूर मात्र पोटात दाबल्यासारखा. दार उघडलं की सूज जायची, लावलं की परत यायची.

कारण उघड होतं. उघडं दार म्हणजे खर्जाला बाहेर जायची वाट. बाहेर गेलेला आवाज परत येत नाही, त्यामुळे खोलीत तो साठत नाही. दार लावलं की साडेसोळा फुटांच्या दोन भिंतींमध्ये तो येरझाऱ्या घालतो. आपल्या दमट, तीस अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर धावतो. पाच मीटर लांबीच्या खोलीत ज्या सुराची पूर्ण लहर भिंतींमध्ये नेमकी मावते तो सूर ७० हर्ट्झचा. काळी एकच्या, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या, पुरुषी षड्जाची तंबोऱ्यावरची खर्जाची तार ६९ हर्ट्झची. गायक काळी एकमध्ये गात होता. खोली आणि तंबोरा एका सुरात लागले होते!

अशा वेळी लोक पडदे लावतात, कोपऱ्यांत गाद्या रचतात. पडद्याने वरचे सूर मवाळ होतात. ७० हर्ट्झची लहर सोळा-सतरा फुटांची असते, तिला पडद्याचा पत्ताही लागत नाही. स्पीकर हलवणं मला मान्य नव्हतं, ते आपल्या जागी पोचले होते. उरली खुर्ची. अशी साठलेली लहर सगळीकडे सारखी नसते. भिंतीशी ती सर्वांत मोठी असते आणि या सुरासाठी लांबीच्या चौथ्या हिश्शावर, म्हणजे भिंतीपासून साधारण चार फुटांवर, जवळजवळ नाहीशी होते. काकींचं डोकं अगदी भिंतीशी होतं.

हे तोंडाने सांगून कुणाला पटत नाही. मी मोबाइलवरून स्पीकरांवर नुसता ७० हर्ट्झचा सूर लावला आणि काकींना म्हटलं, भिंतीपासून सावकाश पुढे चालत या. त्या उठल्या, नातवाचा हात धरला आणि एकेक पाऊल टाकत आल्या. चार फुटांच्या आसपास थांबल्या. डोकं एकदा पुढे, एकदा मागे केलं. “आवाज खंय गेलो?” स्पीकर बंद पडला असं त्यांना वाटलं होतं. मी मागे भिंतीशी उभा होतो आणि माझ्या कानात तो सूर घुमत होता. मग नातू भिंतीशी आला, काकी तिथेच थांबल्या, दोघांनी जागा बदलली, पुन्हा बदलली. वर्षानुवर्षं ज्या खोलीत त्या वावरल्या, तिच्यात हे असं काही आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा हरखलेपणा पाहून मला माझं काम फार आवडलं.

आरामखुर्ची चार फूट पुढे आली. तिच्या आणि स्पीकरांच्या मध्ये सतरंजी अंथरली, कारण लाल सिमेंटवरून वरचे सूर उसळत होते. टाळी वाजवली की खणखणाट यायचा तो बराच कमी झाला. दार बंद ठेवून एलपी पुन्हा पहिल्यापासून लावली. खर्ज होता, पण आपल्या जागी, बाकीच्या तारांच्या मापात. पाऊस थांबल्यावर दार उघडून ऐकलं, तेव्हाही खुर्चीची तीच जागा चांगली लागली.

एक दुखणं उरलंय. डाव्या पेटीतला पाऊण इंची घुमट उजव्यापेक्षा क्षीण आहे. या स्पीकरांचे हे घुमट, म्हणजे ट्वीटर, वयाप्रमाणे बसत जातात आणि तशाच तोलाचा दुसरा मिळणं कठीण. नातवाने नवा, दुसऱ्या बनावटीचा घालायचं सुचवलं. मी नको म्हटलं. ३एमध्ये तो घुमट ५००० हर्ट्झच्या वर काम करतो, आणि काकी जे ऐकतात त्या जुन्या तबकड्यांत तिथून वर फार काही उरलेलंच नसतं. डाव्या पेटीचा वरच्या सुरांचा पॉट पूर्ण वाढवून ठेवला आहे. मूळ जोडीचा ट्वीटर मिळेपर्यंत तो तसाच चालेल. तोवर पावसाळाभर आठवड्यातून दोनदा तरी वाजवा, एवढं सांगून मी निघालो.