दुधाचंच आहे, आजी

मे 2019. पॅरिसहून स्वित्झर्लंडकडे, पूर्ण दिवस कोचमध्ये. टूर मॅनेजरच्या धंद्यात हा खरं तर आरामाचा दिवस. बॅगा मोजायच्या, माणसं मोजायची, अंताक्षरी लावून द्यायची आणि दिजाँला जेवण झालं की सगळा कोच घोरत असतो.

त्या दिवशी 24 पाहुणे होते. सकाळी नऊला दिजाँच्या भारतीय रेस्तराँचा फोन आला, आज जमणार नाही. ऑफिसला कळवलं तर व्हॉट्सॲपवर उत्तर आलं, ‘हायवेवर सँडविच मॅनेज करा.’ मॅनेज करा हे ऑफिसचं लाडकं क्रियापद. ‘रोज गरम शाकाहारी जेवण’ ब्रोशरवर छापणाऱ्याला 24 जणांच्या तोंडासमोर उभं राहावं लागत नाही.

त्यात ड्रायव्हरचे तास. साडेचार तास चाकावर झाले की 45 मिनिटं विश्रांती घ्यायलाच लागते. तेव्हाच्या नियमाने तोडून घ्यायची तर आधी 15, मग 30. आमच्या लोकांचा सकाळचा ‘जरा जाऊन येतो’ हा थांबा 12 मिनिटांत उरकला होता. कधी नव्हे ते सगळे वेळेत परत आले, आणि टॅकोग्राफच्या, म्हणजे ड्रायव्हरचे तास नोंदणाऱ्या यंत्राच्या, लेखी त्या 12 मिनिटांची किंमत शून्य. दोल शहर मागे पडल्यावर पोर्तुगीज ड्रायव्हरने मला घड्याळ दाखवलं आणि मोटरवे सोडला. ज्युराच्या डोंगराला लागताना, पोलिन्यीच्या अलीकडे एक दगडी घरांचं गाव आहे, तिथे चर्चसमोर कोच उभा केला.

दुपारची 1:25. फ्रान्सच्या खेड्यात जेवायची वेळ बारा ते दोन. पावणेदोनला गेलात तर चूल आवरलेली असते, मग तुम्ही राष्ट्राध्यक्ष का असेनात. गावात एकच रेस्तराँ, दारात खडूने लिहिलेली पाटी. आत दोन कामगार कॉफी संपवत बसलेले.

फ्रेंच लोक उद्धट असतात, हे मी दर टूरला ऐकतो. आत शिरून ‘बाँजूर’ न म्हणता थेट ‘टॉयलेट?’ विचारलं, तर पुण्यातला दुकानदार तरी कुठे हसून स्वागत करतो? मी एकटाच आत गेलो. आधी बाँजूर, मग रडगाणं. मालकीण साठीच्या, स्वयंपाकही त्याच करणाऱ्या. ‘किती?’ म्हणाल्या. चोवीस म्हटल्यावर गाल फुगवून फुर्र केलं. ‘आणि सगळे शाकाहारी,’ मी पुढे घातलं. पुन्हा फुर्र.

इथे एक सांगतो, कारण नवी पोरं इथेच आपटतात. नुसतं ‘मांस नको’ म्हणून चालत नाही. मासा मांसात धरत नाहीत, सॅलडवर डुकराचे बारीक तुकडे भुरभुरतात, सूप कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. म्हणून एकेक नाव घेऊन नाही म्हणायचं: साँ व्हियाँद, साँ प्वासाँ, साँ लार्दाँ, साँ बुयाँ. मदाम बोटांवर मोजत ऐकत होत्या. शेवटी सुपाच्या पातेल्याकडे बघून म्हणाल्या, ‘मग हे नाही.’ ठरलं ते असं: उकडलेले बटाटे, वर गावच्या डेअरीचं काँते चीज वितळवून, अक्रोडाचं सॅलड, पाव.

पाहुणे आत आले, टेबलं जोडली, एका काकांनी गरम पाणी मागितलं. तेही मिळालं.

दहा मिनिटांनी मदाम हात पुसत बाहेर आल्या आणि मला बाजूला घेतलं. ‘मस्यो, चीजमध्ये प्रेझ्यूर असतं. वासराच्या पोटातलं. तुमच्या लोकांना चालतं ना?’

मला हे माहीत होतं. काँते त्याशिवाय होत नाही. आपल्याकडचं हिरव्या ठिपक्याचं चीज सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचं (प्रेझ्यूरचंच इंग्रजी नाव, दुधाचं चीज करायला लागतं ते) असतं, म्हणून आपल्या लोकांच्या हे डोक्यातच येत नाही. मी कुणाला आपण होऊन सांगितलेलं नाही. ऑफिसची सूचनाच आहे, विचारलं तरच सांगा. पण भर दुपारी चूल पुन्हा पेटवणारी बाई स्वतः येऊन विचारत होती. मी म्हणालो, ‘सा वा.’ म्हणजे चालतं.

टोकाच्या टेबलावर सोलापूरकडच्या एक आजी होत्या. गळ्यात तुळशीची माळ, वय 74. भारतीय रेस्तराँतल्या मसाल्याने छाती जळते म्हणून चार दिवस त्या पाव-जॅम आणि घरच्या लाडवांवर काढत होत्या. समोर वाफाळती ताटली आली. त्यांनी मला हाक मारली.

‘बाळा, यात काही नाही ना?’

‘दुधाचंच आहे, आजी.’

शेजारच्या टेबलावर जैन कुटुंब स्वतःचे खाकरे खात होतं. मदामनी त्यांना न मागता ताटल्या दिल्या होत्या. बाहेरचं खाणं आत आणलेलं तिकडे कुणी चालवून घेत नाही. ‘बटाटा तर नाहीच, पण परदेशातलं चीजही आम्ही खात नाही,’ त्या वहिनी मला म्हणाल्या आणि आजींच्या ताटलीकडे बघत राहिल्या. पुढे बोलल्या नाहीत. त्या बोलाव्यात की गप्प बसाव्यात, यातलं मला काय हवं होतं ते अजून ठरत नाही.

आजींनी दुसऱ्यांदा मागून घेतलं. ‘अगदी घरच्यासारखं,’ म्हणाल्या.

ऑफिसला मी नंतर म्हटलं, पहिल्याच संध्याकाळी माइकवर चीजचं सांगून टाकू. उत्तर आलं, ‘उगाच कशाला?’ खोटं बोललो नाही, असं मी स्वतःला बरेचदा सांगतो. दुधाचं होतंच. त्या ‘च’पाशी येऊन अडतो.

निघताना आजी पिशवीतून दोन बेसनाचे लाडू काढून मदामकडे गेल्या. मदामनी लाडू हातात धरला आणि माझ्याकडे बघून विचारलं, यात काय आहे? मी सांगायला लागलो, डाळीचं पीठ, साखर, तूप. आजींनी माझी बाही ओढली.

‘आणि काजू. काजू आहेत म्हणून सांग हं तिला. एखाद्याला चालत नाहीत.’