बिकिनीचे माड

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी अमेरिकेत शिकत होतो, तेव्हा किरणोत्सर्ग मोजणाऱ्या एका तुकडीबरोबर प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांपैकी बिकिनीला गेलो. अमेरिकेने अणुबाँबच्या चाचण्या केल्या तेच हे बेट. हुशारीवर निवड झाली असं घरी कळवलं होतं. खरं म्हणजे त्यांना भराभर नारळ सोलणारा माणूस हवा होता, आणि माझं बालपण गुहागरला गेलेलं.

काम असं होतं. माडाजवळ खड्डा खणायचा. वरची 5 सेंटिमीटर माती एका पिशवीत, पुढची 5 दुसरीत, असं करत 60 पर्यंत उतरायचं. काळी माती जेमतेम वीतभर, खाली पांढरं प्रवाळ. त्यावर कुदळ आपटली की कोपरापर्यंत झिणझिण्या. कड ढासळून वरची माती खालच्या थरात पडली तर तो नमुना बाद. पहिल्या दिवशी माझे तीन बाद झाले.

मग त्याच माडाचे नारळ. शहाळं, अडसर, सुका, सगळे. पाणी वेगळं, खोबरं वेगळं. खोबरं सुकवून डब्यात ठासायचं आणि जर्मेनियमच्या डिटेक्टरसमोर ठेवायचं. किरणांच्या ऊर्जेच्या आलेखावर 662 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला सुळका उभा राहिला की ते सीझियम-137, अणुस्फोटातून मागे उरलेलं किरणोत्सर्गी द्रव्य.

गंमत म्हणजे किनाऱ्यावर हातातला मीटर जवळजवळ गप्प असायचा. प्रवाळातून निसर्गतः येणारे किरण नावापुरते, त्यामुळे मी राहायचो त्या शहरात आकडा जास्त यायचा. धोका पायाखाली नव्हता, ताटात होता. माडाला पोटॅशियम लागतं, ते इथल्या मातीत फारसं नाही, म्हणून तो स्वभावाने त्याच्या भावासारखं असलेलं सीझियम ओढून घेतो. आणि इथला माणूस रोज नारळ खातो-पितो.

हे कळायला माणसांना मोठी किंमत द्यावी लागली. मार्च 1946 मध्ये इथल्या 167 जणांना ‘मानवजातीच्या भल्यासाठी’ असं सांगून अमेरिकेने दुसऱ्या बेटावर, रोंगेरिकला हलवलं. तिथे उपासमार झाली. मग क्वाजालीन, आणि 1948 च्या अखेरीस किली. ते एकच बेट, प्रवाळकड्याच्या आडचं शांत पाणी नाही, समुद्र खवळला की होडी लागत नाही. इकडे बिकिनीवर 23 अणुस्फोट. 1 मार्च 1954 चा ‘ब्राव्हो’ नावाचा स्फोट 15 मेगाटनांचा निघाला, अंदाजाच्या दुपटीहून जास्त. 1968 मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी परतायची परवानगी जाहीर केली, नवे माड लावले गेले, काही कुटुंबं आलीही. त्यांच्या शरीरातलं सीझियम मोजलं तर ते वाढत निघालं, आणि 1978 मध्ये त्यांना पुन्हा उठवलं. मी खणत होतो ते माड त्याच वेळचे. सैनिकांसारखे रांगेत. आमच्याकडे कोणी असे लावत नाही.

एका दुपारी तहान अनावर झाली आणि मी एक शहाळं फोडून प्यायलो. एकाने काही होत नाही, हे माझंच गणित सांगत होतं.

परतताना मार्शल बेटांची राजधानी माजुरो, तिच्याजवळच्या एजित बेटावर थांबलो. बिकिनीची काही कुटुंबं तिथे राहतात. आमचा प्रमुख समजावून सांगत होता: सगळी माती खरवडली तर शतकांनी तयार झालेला थर जाईल. त्यापेक्षा घरांभोवतीची काढावी, बाकी ठिकाणी पोटॅशियमचं खत घालावं. खत घातलेल्या तुकड्यांत नारळातलं सीझियम खूप उतरलेलं दिसलं होतं.

एका आजींनी दुभाष्याकरवी मला विचारलं, “तू तिथलं पाणी प्यायलास?”

“एक शहाळं.”

“गोड होतं?”

“हो आजी, गोड होतं.”

त्या जरा थांबल्या. “आणि खताचा जोर संपला की?”

“पुन्हा घालायचं.”

“कोणी?”

मी म्हटलं, ते माझ्या कामात येत नाही. खरंच येत नव्हतं.