सतरावी मात्रा

माझी मुलगी आठवीत आहे. नागपुरातील एका संस्थेने गेल्या हिवाळ्यात घेतलेल्या शालेय संगीत स्पर्धेत तिने भाग घेतला; मात्र गायनात नव्हे, तर ‘स्वरचित रचना’ या विभागात. गाण्याच्या स्पर्धेची तयारी कशी करायची हे बहुतेक पालकांना ठाऊक असते, पण मुलाने स्वतः बांधलेली बंदिश (रागात बांधलेले छोटे गाणे) कागदावर कशी आणायची हे कोणी सांगत नाही. म्हणून हा अनुभव थोडा तपशिलात लिहीत आहे.

बंदिशीचा जन्म मे महिन्यातला. कूलरच्या घरघरीत षड्ज, म्हणजे ‘सा’, शोधत बसण्याची तिला सवय आहे, आणि त्याच नादात वृंदावनी सारंगातली ‘ऊन उतरेना बाई, दारी’ ही ओळ तिला सुचली. सारंग हा दुपारचा राग, आणि नागपूरच्या मे महिन्यात दुपारशिवाय दुसरे काय सुचणार! दिवाळीपर्यंत अंतरा, म्हणजे बंदिशीचा दुसरा भागही झाला.

अर्जासोबत शाळेचे बोनाफाईड, जन्मदाखला, मोबाईलवर केलेले ध्वनिमुद्रण, रचना मुलीचीच असल्याचे पालकांचे पत्र आणि भातखंडे पद्धतीने लिहिलेली स्वरलिपी (गाण्याचे स्वर आणि ताल खुणांनी लिहिलेला कागद) मागितली होती. बोनाफाईडसाठी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेचे कार्यालय उघडण्याची वाट पाहावी लागली, एवढेच. खरा घोळ स्वरलिपीत झाला.

मी लहानपणी गाण्याच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, त्यामुळे हे काम माझ्याकडे आले. माझी जुनी वही मात्र पलुस्कर पद्धतीची. त्या पद्धतीत स्वराच्या डोक्यावर बिंदू असला की तो मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला. भातखंडे पद्धतीत तोच बिंदू तार, म्हणजे वरच्या सप्तकाचा, आणि मंद्रासाठी तो स्वराच्या खाली द्यायचा. कोमल, म्हणजे थोड्या उतरलेल्या स्वराला पलुस्कर पद्धतीत पाय मोडल्याची खूण, तर भातखंडे पद्धतीत खाली आडवी रेघ. मी सवयीने बिंदू वर देत गेले आणि मुखड्यातला (सुरुवातीच्या ओळीतला) मंद्र निषाद, म्हणजे ‘नी’, कागदावर थेट तार सप्तकात जाऊन बसला. मुलीने कागद पाहून तसेच गाऊन दाखवले, तेव्हा दोघीही हसत सुटलो.

त्यानंतर मात्रा. तीनतालाच्या सोळा मात्रांचे, म्हणजे ठोक्यांचे, रकाने आखले, पहिल्या मात्रेवर समेची (जिथे ताल येऊन मिळतो तिची) फुली, नवव्यावर खालीचे (जिथे टाळी न देता हात मोकळा सोडतात तिचे) शून्य. अनेक छोटे ख्याल खालीपासून उठतात, म्हणून मीही ओळ नवव्या मात्रेपासून मांडली. पण दर वेळी ‘दारी’तला ‘दा’ समेच्या एक घर पुढे पडे, आणि आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, सतरा मात्रांचे होई. तीन संध्याकाळी मी तिलाच दटावत होते की तू लय ओढतेस. चौथ्या दिवशी तिच्या गाण्याच्या बाईंनी हातावर ताल धरला, एकदाच ऐकले आणि म्हणाल्या, “अहो, ती खालीपासून उठतच नाही. ‘ऊ’ला दोन मात्रा आहेत, ओळ आठवीपासून सुरू होते. आणि ते बदलू नका, तेवढेच तर तिचे स्वतःचे आहे.” रागाचे स्वर आणि चलन सर्वांचेच असते, त्यामुळे ‘ही माझी रचना’ असे लिहून देताना माझा हात थोडा अडखळला होता. बाईंच्या त्या वाक्यानंतर मी पत्रावर निर्धास्त सही केली.

स्पर्धा महाल भागातील एका शाळेच्या सभागृहात, डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी होती. त्रिमूर्तीनगरहून गाडीवर जाताना गारठ्याने मुलीचा आवाज बसेल या धास्तीने तिला मफलरमध्ये जवळजवळ बांधूनच नेले. तिथे पोहोचल्यावर कळले की आयोजकांचा एकच तबला काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वराला) लागलेला आहे, आणि ही गाते काळी चारमध्ये. तबलजींनी हातोडी बाजूला ठेवली आणि म्हणाले, “ताई, इतकी चढवली तर पुडी (तबल्याचे चामडे) फाटेल.” पण बाई शांत होत्या: काळी एक म्हणजे काळी चारचा मध्यम (‘म’), सारंगात मध्यम आहेच, तेव्हा तबला आहे तसाच राहू द्या. पंचम (‘प’) असता तर कानाला अधिक बरे वाटले असते, पण निभावले.

निभावले नाही ते वेळेचे. कागदावर सहा मिनिटे होती. पाहुणे उशिरा आले, त्यांची भाषणे झाली आणि प्रत्येक मुलाला चारच मिनिटे उरली. मोठ्यांच्या भाषणांतली दोन मिनिटे का कापता येत नाहीत, हे मला अजून उमगलेले नाही. मुलीने आलाप सोडला, स्थायी, म्हणजे पहिला भाग, दोनदा व अंतरा एकदा गायला, आणि समेवर येताना ‘दा’ इतका नेमका टाकला की तबलजींनी मान हलवली.

तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. स्वरलिपीचा कागदही परत दिला, ही पद्धत मला फार आवडली. अंतऱ्यात तार षड्जावरून उतरताना एका निषादाखाली रेघ नव्हती. परीक्षकांनी ती पेन्सिलीने ओढली होती, कारण या रागात उतरताना निषाद कोमल लागतो. मी म्हटले, माझीच रेघ राहून गेली. मुलीचे म्हणणे असे की राहिलेली नाही, तिथे तिला शुद्धच निषाद हवा होता. दोघींनी तो कागद बाईंसमोर ठेवला आहे, आणि त्यांचा निकाल अजून यायचा आहे.