फोंड्याचा भाड्याचा फ्लॅट: बैठकीच्या खोलीचा दुसरा हात झाला

बैठकीची खोली काल संपली. मागची खोली आणि स्वयंपाकघर बाकी आहे, पण खरं काम इथेच होतं, कारण घरातली सगळ्यात खोडकर भिंत इथली. मागच्या वेळी खरवडायला घेतलं होतं, तिथून पुढचं सांगते.

ज्यांनी आधीचं वाचलेलं नाही त्यांच्यासाठी: तळमजल्यावरचा फ्लॅट, आई आणि मी राहतो, करार नेहमीसारखा अकरा महिन्यांचा. मालक, म्हणजे काका, वरच्याच मजल्यावर असतात. "भाड्याच्या घरावर कशाला खर्च करतेस?" हे आतापर्यंत मावशीने, शेजारच्या वहिनींनी आणि ऑफिसातल्या निम्म्या लोकांनी विचारून झालंय. भिंत काकांची असेल, पण रोज सकाळी चहा पिताना ती मला बघावी लागते. शिवाय व्यवहार चोख केलाय: सामानाचे पैसे भाड्यातून वजा, मजुरी माझी. काकांची अट एकच होती. "काळपट रंग नको हां बाय, उद्या दुसरं बिऱ्हाड आलं तर दारातूनच परत जाईल." हे सगळं मेसेजवर लिहून घेतलंय. तुम्हीही घ्या. काका भला माणूस आहे, तरीही.

आता भिंत. पश्चिमेची. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर, आणि तो वाऱ्याबरोबर तिरका येऊन याच बाजूवर आदळतो. आपल्याकडच्या इमारतींना खांब-तुळया सिमेंटच्या असल्या तरी मधल्या भिंती बऱ्याचदा चिऱ्याच्या, म्हणजे जांभा दगडाच्या असतात. चिरा सच्छिद्र, पाणी पितो आणि सावकाश सोडतो. बाहेरच्या गिलाव्याला केसाएवढी भेग असली तरी पुरते. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधी घर रंगवायची आपली जुनी रीत, पण चवथ येते पावसाळ्यातच. पूर्वी चुना मारत, त्यातून भिंतीला श्वास घेता यायचा. आता इमल्शन मारायचं तर ओल आत कोंडते आणि पुढच्या वर्षी पोपडे हातात येतात. म्हणून दिवाळी होऊन जाईपर्यंत मी डबा उघडलाच नाही.

थांबायचं किती, हे भिंतीलाच विचारावं. हातभर प्लास्टिकचा चौकोन चारी कडांनी टेपने भिंतीवर घट्ट चिकटवून एक दिवस-रात्र ठेवायचा. आतल्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतली, बाहेरच्या बाजूला दिसले तर हवेतली. माझ्याकडे आधी आत दिसत होते, नोव्हेंबरात बंद झाले.

खिडकीखाली पांढरा, कापसासारखा फुलोरा होता, तो खार. पाण्यातून वर आलेले क्षार, पाणी उडून गेलं की मागे राहतात. इथे बरेच जण ओलं फडकं फिरवतात. नका फिरवू. क्षार विरघळून परत आत जातात आणि महिनाभराने पुन्हा उगवतात. कोरड्या ब्रशने झाडायचा आणि खाली कागद धरून गोळा करायचा. कोपऱ्यातले काळे ठिपके मात्र बुरशीचे. ओळखायचं असेल तर ठिपक्यावर ब्लीचचा थेंब टाका: बुरशी फिकट होते, नुसती धूळ होत नाही. मी पाण्यात पातळ केलेलं ब्लीच लावलं, थोडा वेळ ठेवलं, पुसलं आणि वाळू दिलं. खिडक्या उघड्या, हातमोजे घातलेले. आणि त्यात टॉयलेट क्लीनर किंवा कुठलंही आम्ल मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. घरात म्हातारं माणूस असेल तर त्याला त्या दिवशी दुसऱ्या खोलीत बसवा. आई बसली नाही, ती दारात उभी राहून सूचना देत होती.

खरवडण्याचा भाग मला सगळ्यात आवडला, हे सांगितलं की लोक हसतात. जुना रंग डिस्टेंपर होता. तळवा फिरवला की पांढरा व्हायचा, आणि अशा भुरभुरीत थरावर नवा रंग धरत नाही. ओल्या स्पंजने थोडं थोडं भिजवायचं, पाणी मुरलं की पट्टीने सोलायचं. खार असलेला भाग सोडून, तिथे सगळं कोरडंच. दिव्याच्या बटणांशेजारी एका तळहाताएवढ्या जागेत पांढऱ्याखाली पिस्त्याचा हिरवा निघाला, त्याच्याखाली निळसर, आणि शेवटी करडा गिलावा. काकांना बोलावून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, निळा त्यांच्या लग्नातला.

गिलावा बोटाच्या पेराने ठोकून बघा. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर तो तुकडा काढून भरलेला बरा. माझ्याकडे एकच जागा पोकळ निघाली, स्कर्टिंगच्या वर.

पुट्टीबद्दल थोडं विस्ताराने, कारण सगळा फरक तिथे पडतो. मी आतल्या भिंतींसाठी तयार अ‍ॅक्रिलिक घेतली. ती पातळ पातळ हातांनी लावायची. एकदाच जाड थापली की वाळताना भेगा पडतात. पट्टी भिंतीला तिरकी धरून खालून वर ओढायची, पुढचा पट्टा आधीच्यावर थोडा चढवायचा. वाळल्यावर खोलीतला मोठा दिवा बंद करायचा आणि टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरका धरायचा. सपाट वाटणारी भिंत त्या उजेडात टेकड्या दाखवते. जिथे सावली, तिथे पेन्सिलीची खूण, मग लाकडाच्या ठोकळ्यावर गुंडाळलेला पॉलिश पेपर, आधी १२० नंबरचा, शेवटी २२०. मास्क लावा आणि पंखा बंद ठेवा. पूर्ण भिंत गुळगुळीत झाल्यावर आईने डोळे मिटून हात फिरवला आणि दोन जागा दाखवल्या. टॉर्चला त्या दिसल्या नव्हत्या.

हिशेब: खोली बारा बाय दहा, उंची साडेनऊ फूट. चारी भिंती मिळून ४१८ चौरस फूट, दार-खिडकी वजा करून ३७० धरा. दोन हातांना लिटरमागे ६० ते ७० चौरस फूट धरले की सहा लिटर होतात. फोंड्यातल्याच तिस्कावरच्या दुकानातून चारचा एक आणि एकेकचे दोन डबे आणले. तिन्ही डबे एका बादलीत ओतून एकजीव करून घेतले, नाहीतर मशिनवर मिसळलेली शेडसुद्धा डब्याडब्यात किंचित वेगळी येते आणि ते भर भिंतीत कळतं. दुकानदाराने विचारलं, "पेंटर कुठला?" म्हटलं, समोर उभी आहे. त्याने रोलरची काठी फुकट दिली.

रंगासाठी पणजीला फोंताइन्हासमध्ये एक चक्कर मारली. तिथल्या पिवळ्या-निळ्या-तांबड्या भिंती सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. मी खिडक्यांभोवतीचे पांढरे पट्टे बघायला गेले होते. पोर्तुगीज अमदानीत नुसता पांढरा रंग चर्चसाठी राखलेला असे, म्हणून घरांवर तो पट्ट्यापुरता उरला, असं सांगतात. तो गडद पिवळा काकांना चालला नसता. मी पिकल्या केळ्याच्या गराइतका फिकट घेतला आणि खिडकीला पांढरी चौकट दिली.

ही चौकट सरळ यायला एक युक्ती आहे. टेप लावल्यावर तिच्या कडेवर आधी भिंतीचाच पिवळा रंग हलका फिरवायचा. टेपखाली जे झिरपायचं ते पिवळंच झिरपतं आणि फट बंद होते. त्यावर पांढऱ्याचे दोन हात, आणि दुसरा पुरता वाळायच्या आत टेप तिरकी ओढून काढायची. धार अशी येते की काकूंनी पट्टी लावून बघितली.

रोलर फिरवण्याबद्दल विशेष काही नाही. कोपरे ब्रशने कापून घेतल्यावर लगेच रोलर चालवा, कड ओली असेपर्यंत. पहाटे हवा दमट असते, म्हणून दहाच्या पुढेच सुरू करायचे. डब्यावर चार तासांनी दुसरा हात लिहिलाय, मी दुसऱ्या दिवशी दिला. छतावरचा माटोळीचा (चवथीला गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगतात ती) हूक न रंगवता टेप गुंडाळून ठेवला, चवथीला तो रंगाने जाम झालेला आईला चालणार नाही.

फळी लावायला भिंतीत भोक पाडताना आधी गिलाव्याची करडी भुकटी आली, मग लाल. लाल आली की चिरा लागला. तिथून ड्रिलचा हॅमर बंद करून नुसतं फिरवत आत जायचं, नाहीतर भोक वेडंवाकडं मोठं होतं आणि गिट्टी (स्क्रूसाठी भोकात बसवायची प्लास्टिकची नळी) फिरत बसते. गिट्टी लांब घ्या.

पुढे स्वयंपाकघर. शेगडीमागच्या भिंतीवर वर्षानुवर्षांचा तेलाचा थर आहे, त्यावर पाण्यातला प्राइमर धरणार नाही. आधी धुण्याचा सोडा आणि गरम पाणी, त्यानेही भागलं नाही तर ऑइल प्राइमर आणि दोन दिवस वासाचा त्रास. काविकामासारखा (चुन्याच्या गिलाव्यावरची इथली जुनी नक्षी) तांबडा-पांढरा नक्षीचा पट्टा भिंतीवर न काढता प्लायवर काढायचा विचार आहे, म्हणजे घर सोडताना बरोबर नेता येईल. प्लायवर चुन्याचा थर कुणी टिकवून दाखवला असेल तर खाली काय लावलं होतं ते कळवा.