तुम्ही विचारलंत म्हणून : रविवारी घर कोण बघतं?

"रविवारी सकाळी तुम्ही सायकल घेऊन निघता, मग घर कोण बघतं?" हा प्रश्न मला गेल्या आठ वर्षांत शाळेच्या शिक्षकखोलीत, कोल्हापूरच्या रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या मैत्रिणींमध्ये आणि हळदी-कुंकवाच्या घरोघरी विचारला गेला आहे. गेल्या महिन्यात शेजारच्या इमारतीतल्या एका वहिनींनी मला जिन्यात थांबवून तो पुन्हा विचारला आणि त्यांच्या आवाजावरून त्यांना उत्तर स्वतःसाठी हवे आहे असे वाटले, म्हणून या वेळी ते सविस्तर लिहीत आहे. आमच्या सायकल गटातल्या पुरुषांना हा प्रश्न कोणी विचारत नाही, त्यांना "किती किलोमीटर झाले?" असे विचारतात. हा फरक मला खटकतो, पण त्यामुळे प्रश्न वाईट ठरत नाही. घर कोण बघतं हे सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला विचारायला हवे, असे माझे मत आहे.

आम्ही नऊ जण आहोत. मी गणित शिकवते. उद्यमनगरात चाळीस वर्षे लेथवर काम करून निवृत्त झालेले एक टर्नर काका, एक परिचारिका, बँकेत नोकरी करणारे दोघे, सुतारवाड्यात राहणारे एक रिक्षाचालक दादा, एक औषध दुकानदार आणि अभियांत्रिकीला शिकणारी दोन मुले असा हा गट आहे. पहाटे साडेपाचला रंकाळ्यावर जमायचे, शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडायची आणि केर्लीवरून वाघबीळपर्यंत जायचे, हा आमचा नेहमीचा रस्ता. पन्हाळा कोल्हापूरपासून विसेक किलोमीटरवर आहे. वेळ असेल तर गडावर चढतो, नसेल तर वाघबीळहून मागे फिरतो. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर अंधारात मागच्या दिव्याशिवाय धावत असतात, म्हणून त्या महिन्यांत आम्ही उजाडल्यावरच निघतो.

रस्ता मोकळा असेल तिथे दोघे-दोघे शेजारून चालवतो आणि बोलतो. ताशी अठरा किलोमीटरच्या आसपासची गती बोलण्याला फार अनुकूल असते, कारण दोघांचेही डोळे समोर रस्त्यावर असतात आणि समोरासमोर बसून जे सांगायला जड जाते ते शेजारून चालवताना सहज सांगितले जाते. चढावर मात्र दम हेच माप असते. एखाद्याला पूर्ण वाक्य बोलता येईनासे झाले की सगळ्यांनी गती कमी करायची, हा आमचा नियम आहे.

तिथे आम्ही सायकलींबद्दलच बोलत असू, असा समज असतो. त्या विषयावर बोलणे होते, पण ते थोडा वेळ. बाकीच्या बोलण्यात आईच्या मोतीबिंदूची तारीख असते, गच्चीवरची गळती असते, मुलीला अकरावीला कोणती शाखा द्यावी हे असते, आणि त्याहून जास्त असतात ते एकमेकांचे छंद. टर्नर काका बंद पडलेली चावीची घड्याळे दुरुस्त करतात. परिचारिका ताई जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवतात, आणि आमच्या प्रत्येकाच्या हँडलला असलेली पिशवी व अंगावरचा चकाकता पट्टा त्यांनीच फाटक्या रेनकोटांतून बेतून दिला आहे. औषध दुकानदारांकडे लोणच्यांच्या बरण्या आहेत. हे छंद वरवर वेगवेगळे दिसतात, पण त्या सगळ्यांत निगा राखण्याचे काम आहे. घड्याळ असो, बरणी असो, गोधडी असो की सायकल, दर आठवड्याला हात फिरवला नाही तर ती वस्तू हळूहळू बिघडते, आणि घराचेही अगदी तसेच असते. म्हणूनच आम्हाला एकमेकांच्या घरातल्या गोष्टी कंटाळवाण्या वाटत नाहीत.

याचा मला पहिला अनुभव आला तो एका नुकसानीतून. सायकल घेतली त्या वर्षी मी डाव्या बाजूला नवीन पेडल बसवत होते. ते आट्यात शिरेना, म्हणून पाना लावून जोर केला, आणि ॲल्युमिनियमच्या क्रँकमधले, म्हणजे पेडल ज्या दांड्याला बसते त्यातले, आटे पार गेले. काकांनी क्रँक हातात घेतली, आत बोट फिरवले आणि म्हणाले, "बाई, डावा आटा उलटा असतोय." उजव्या पेडलला नेहमीचे सरळ आटे असतात, डाव्याला उलटे, कारण डावीकडेही सरळ आटे ठेवले तर चालवता चालवता पेडल सैल होऊन निघून येईल. हे ऐकल्यावर मला आमच्या टेबल फॅनची आठवण झाली. दर एप्रिलमध्ये पाती धुण्यासाठी पुढची टोपी काढताना माझी आणि यजमानांची अर्धी सकाळ जात असे. घरी जाऊन टोपी उलट्या दिशेने फिरवली आणि ती एका हाताने सुटली. पंख्याचे कारण पेडलपेक्षा वेगळे आहे, पण हेतू तोच, की फिरताना सुटू नये. त्या दिवसापासून घरातली कोणतीही वस्तू उघडण्यापूर्वी मी ती कोणत्या दिशेने फिरते हे आधी पाहते.

अशीच एक गोष्ट शाळेतही पोचली. चेनच्या लागोपाठच्या दोन पिनांमध्ये अर्ध्या इंचाचे अंतर असते, म्हणजे चोवीस अंतरे बरोबर १२ इंचांत बसतात. स्टीलची पट्टी लावून पाहावे. पहिली पिन शून्यावर ठेवल्यावर पंचविसावी पिन १२ इंचांच्या पुढे एक-सोळांश इंच सरकली असेल तर चेन बदलावी, कारण तीच पुढे रेटली तर ती फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राचे, दातही झिजवते आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो. हे मी गटात शिकले आणि सातवीच्या वर्गात जुनी व नवी चेन शेजारी ठेवून अपूर्णांक शिकवायला वापरले. एक-सोळांश म्हणजे किती, हे मुलांना डोळ्यांनी दिसले.

माझे यजमान सायकल चालवत नाहीत. त्यांना गच्चीवरच्या बागेचा नाद आहे. केर्लीच्या पुढे एका टपरीवर आम्ही चहाला थांबतो, तिथल्या आजींनी एकदा मला कागदाच्या पुडीत पांढऱ्या वरण्याचे, म्हणजे वालासारख्या शेंगांच्या वेलाचे, बी दिले. ते यजमानांनी गच्चीच्या कठड्याजवळ लावले, वेल वर चढला आणि त्या हिवाळ्यात घरच्या वरण्याची आमटी झाली. तेव्हापासून प्रत्येक थांब्यावरून काहीतरी त्यांच्यासाठी येते, कधी देशी वांग्याचे बी, कधी गवती चहाचा ठोंब. ते या रस्त्याने कधीच आलेले नाहीत, पण कोणत्या वळणावर कोणाचा मळा आहे हे त्यांना माझ्यापेक्षा नीट माहीत आहे. रविवारी मी परतले की ते आधी पिशवी उघडतात आणि मग चहा टाकतात.

एप्रिल संपत आला की आमच्या गटाचा सगळ्यात मोठा कार्यक्रम असतो, आणि त्यात एकही सायकल हलत नाही. नऊ घरांची चटणी आम्ही एकत्र करतो. बाहेरच्यांसाठी सांगते की कोल्हापुरात चटणी म्हणजे वर्षभराचे कांदा-लसणाचे तिखट. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी आणि झणझणीतपणाला लवंगी अशा मिरच्या लक्ष्मीपुरीतून एकदम घेतल्या की दर बरा मिळतो. त्या आमच्या गच्चीवर वाळतात. मग दोन संध्याकाळी सगळी कुटुंबे देठे काढायला बसतात. हाताला तेल लावून ओळीने बसलेली ही माणसे रस्त्यावर बोलतात तसेच बोलतात. फरक इतकाच की इथे सासूबाई, मुले आणि माझे यजमान, म्हणजे रविवारी घरी राहणारी सगळी माणसे हजर असतात. कांदा तळण्याचे आणि खोबरे, तीळ, धणे भाजण्याचे काम पुरुषांकडे आहे. पहिल्या वर्षी खोबरे थोडे करपले होते, आता त्यांचा हात बसला आहे. प्रमाण मात्र प्रत्येक घराचे वेगळे, त्यामुळे कुटायला डंकावर नऊ पातेली नऊ चिठ्ठ्या लावून जातात. खडे मीठ आणि लसूण किती घालायचा यावरून दरवर्षी वाद होतात आणि कोणीही आपले प्रमाण बदलत नाही, हे मला योग्य वाटते, कारण चटणीची चव ही त्या घराची ओळख असते. कुटून आलेली चटणी बरण्यांत हिंगाचे खडे ठेवून भरली जाते.

पण घर कोण बघतं याचे खरे उत्तर मला ऑगस्ट २०१९ मध्ये मिळाले. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. त्या वर्षी नदी ५५ फुटांपलीकडे गेली. सुतारवाड्यातल्या दादांच्या घरात पाणी शिरणार हे आदल्या रात्रीच दिसत होते. आम्ही जाऊन जे हाताला लागले ते उचलले, पण त्यांची सायकल आणि त्यांच्या पत्नीचे शिलाई मशीन मागे राहिले. माणसे आमच्याकडे आली. पाणीपुरवठ्याचे पंप बुडाल्यामुळे शहराचे नळ कोरडे पडले होते, तेव्हा टँकरच्या रांगेतून घागरी आणि कॅन भरून सायकलच्या कॅरिअरवरून ने-आण करण्याचे काम त्या वेळी गटात असलेल्या दोन विद्यार्थ्यांनी दिवस दिवस केले. साडेसात जण असलेले आमचे घर, कारण दादांचे बाळ तेव्हा चार महिन्यांचे होते, त्या पाण्यावर चालले.

पाणी ओसरल्यावर दादांच्या घरात घोट्याएवढा गाळ होता. दादांच्या पत्नी ब्लाउज शिवून घराला हातभार लावतात, म्हणून काकांनी आधी मशीन घेतले आणि सायकल नंतर. दोन दिवस त्यांनी ते पुसून, डिझेलने धुऊन, तेल देऊन पुन्हा फिरते केले. मग सायकलीची पाळी आली. मागच्या चाकाच्या मधोमध असलेला हब उघडला तर ग्रीसच्या जागी नुसता गाळ होता. दोन्ही बाजूंचे पाव इंची नऊ-नऊ छर्रे आम्ही बशीत काढून मोजले, त्यातले गंजाने खड्डे पडलेले बाजूला केले आणि नवे घालून चाक बसवले. रिमचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायला दुसरा दिवस लागला. त्या आठवड्यात आमच्यापैकी कोणीही सायकल फिरवायला गेले नाही, तरीही गट म्हणून आम्ही त्याआधी कधी इतके एकत्र नव्हतो.

हे सगळे सुरळीत वाटत असेल तर सुरुवातीच्या दिवसांबद्दल सांगायला हवे. पहिल्या वर्षी मी पहाटे पाचला निघून अकराला परतत असे. यजमानांनी कधी तक्रार केली नाही आणि मी त्याचा अर्थ सगळे ठीक आहे असा घेतला. अशाच एका रविवारी सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या. मनगट मोडले. यजमान गच्चीवर होते, त्यांना हाक ऐकू येईपर्यंत वेळ गेला, आणि माझा फोन वाघबिळाच्या चढावर हँडलच्या पिशवीत वाजत राहिला. दोष कोणाचाच नव्हता, पण मी दोन महिने सायकलला हात लावला नाही. तेव्हा गटातले सगळे घरी आले आणि सासूबाईंच्या समोर बसून आम्ही वेळा ठरवल्या. पन्नास किलोमीटरच्या वर जायचे नाही. साडेनऊला प्रत्येकाने घरात असायचे. ज्याला सगळ्यात लवकर परतायचे असेल त्याच्या वेळेवरून त्या रविवारचा रस्ता ठरवायचा. महिन्यातला एक रविवार सगळ्यांनी घरी राहायचे. न्हाणीघरात धरायला दांडा काकांनी बसवून दिला.

गटातली दोन मुले ब्रेव्हे करतात, म्हणजे लांब पल्ला ठरलेल्या वेळेत सायकलवर पुरा करतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे असतात. मला त्या अंतराचा आदर आहे, आणि त्यांच्यासाठी दशम्या आणि शेंगदाण्याची पोळी आमच्याच घरातून जाते. मी स्वतः जात नाही, कारण त्यासाठी अख्खा दिवस आणि थकव्याचा दुसरा अर्धा दिवस घराकडून मागून घ्यावा लागतो, आणि सध्या सासूबाईंचे वय एक्क्याऐंशी आहे. माझ्या वाट्याला पन्नास किलोमीटर आले आहेत आणि ते मला पुरतात.

तेव्हा वहिनी, रविवारी आमचे घर यजमान बघतात, आठ वाजता सासूबाईंना रक्तदाबाची गोळी देतात आणि पोहे करतात. साडेनऊपासून मी बघते. तुमच्या जिन्याखाली मुलाची सायकल दोन वर्षांपासून उभी आहे असे तुम्ही म्हणालात. तिच्या ट्यूब बहुधा चिकटल्या असतील, पण लगेच नव्या आणू नका. शनिवारी संध्याकाळी काका आमच्याकडे घड्याळ द्यायला येणार आहेत. तेव्हा सायकल खाली घेऊन या, हवा भरून बादलीत धरून पाहू, आणि सीट तुमच्या उंचीला उतरवून देऊ.