दगडी हत्ती, काळा घोडा आणि उर्वशी

रविवार, फेब्रुवारी

आज अखेर आईला राणीच्या बागेत नेलं. नेलं म्हणायचं आपलं. भायखळा स्टेशनाबाहेर पडल्यापासून तीच पुढे आणि मी मागे. चिंचपोकळीच्या चाळीत वाढलेली बाई, तिला रस्ता काय दाखवायचा! "इथून ट्राम जायची," चालता चालता ती म्हणाली. मुंबईतली शेवटची ट्राम १९६४ च्या मार्चमध्ये धावली, म्हणजे आई तेव्हा शाळेत होती.

फाटकावर पाटी आहे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. १८६२ साली बाग उघडली तेव्हाचं नाव होतं व्हिक्टोरिया गार्डन. आईच्या तोंडी मात्र राणीची बागच. कुठली राणी हा प्रश्न तिला कधी पडलाच नाही.

आत शिरताच माणसांचा लोंढा पेंग्विनकडे वळला. लहानपणी मीही अशीच होते. बाग म्हणजे वाघ, पाणघोडा, माकडं. इतक्या वेळा येऊन एक झाड धडपणे पाहिलं असेल तर शपथ. आज मात्र मी उर्वशी बघायला आले होते. मूळ ब्रह्मदेशातलं झाड, आपल्याकडे क्वचितच दिसणारं. फुलायचे दिवस हेच.

"झाड बघायला इतक्या लांब?" आई म्हणाली. "आधी हत्ती दाखव."

तिला म्हणायचं होतं तो खरा हत्ती, लहानपणी ज्याच्या पाठीवर बसली होती तो. तो आता कुठला असायला! मग तिला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातल्या दगडी हत्तीपाशी नेलं. हा मूळचा घारापुरीचा. पोर्तुगीजांनी त्याच्यावरूनच बेटाला एलिफंटा नाव दिलं. १८६४ साली त्याला इंग्लंडला न्यायचं ठरलं. उचलताना क्रेन तुटली, हत्ती खाली पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे इथे आणून टाकले आणि पुढे १९१४ मध्ये जोडले. सांधे नीट बघितले की दिसतात. आईने ते बराच वेळ पाहिले. "माझ्या गुडघ्यासारखा आहे गं," म्हणाली. मागच्या वर्षीच तिचं ऑपरेशन झालं.

जवळच सातवा एडवर्ड घोड्यावर बसलाय. हाच तो काळा घोडा! फोर्टातून १९६५ मध्ये त्याला हलवलं. घोडा गेला, पण नाव तिथेच राहिलं, त्यामुळे लोक आजही काळा घोडा चौकात जातात. आणि मूळ घोडा इथे झाडांच्या सावलीत उभा. त्याच्याकडे बघायला आज आम्ही दोघी आणि एक कावळा.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की या बागेत इथलं असं आहे तरी काय? हत्ती घारापुरीचा, घोडा फोर्टातला. गोरखचिंच आफ्रिकेतली, तिचं खोड इतकं जाड की चार पोरांनी हात धरले तरी कवेत यायचं नाही. खोडालाच फुलं येणारा कैलासपती दक्षिण अमेरिकेचा. त्याच्या फुलात शंकराची पिंडी आणि वर नागाचा फणा दिसतो, म्हणून आपण त्याला देवाचं करून टाकलं. मूळ चिली-पेरूच्या किनाऱ्यावरचे पेंग्विनही २०१६ मध्ये सोलहून इथे आले. संग्रहालय ज्यांच्या नावाचं ते भाऊ दाजी गोव्यातल्या मांद्र्याचे. आणि आजोबा तरी कुठले? संगमेश्वराहून आले आणि गिरणीत लागले.

उर्वशीचा पत्ता कुणाला सांगता येईना. एका रखवालदाराला विचारलं, तर त्याने न ऐकताच हात केला, "पेंग्विन तिकडे." शेवटी पाचोळा झाडणाऱ्या मावशींनी नेमकी वाट दाखवली. "लाल झुंबरं लागलीत बघा," म्हणाल्या.

आणि खरंच झुंबरं! लांब देठांवर लोंबणारी लालसर गुलाबी फुलं, पाकळ्यांच्या टोकाला पिवळा ठिपका. कोवळी पालवी तपकिरी, मलूल, धुऊन वाळत टाकलेल्या रुमालांसारखी. मला वाटलं झाड आजारी आहे. पण पालवी तशीच लोंबत येते आणि मग ताठ होते. आई काहीच बोलली नाही. खाली पडलेलं एक फूल तिने उचललं, उलटंपालटं करून बघितलं आणि पर्समध्ये औषधांच्या पाकिटाशेजारी ठेवलं.

येताना इराण्याकडे ब्रून मस्का आणि पाणी कम चहा. मला पाव कडक लागला, पण आईने चहात बुडवून बुडवून सगळा संपवला.

परतीच्या गाडीत एकदम आठवलं. "अगं आई, पेंग्विन राहिलेच!"

"राहू देत," ती म्हणाली. "तिथे एसी असतो म्हणे. मला थंडी सोसत नाही."