पडदा पांढरा, करडा की काळा?

प्रोजेक्टर कुठला घ्यायचा, हे आमच्याकडे पटकन ठरलं. बजेट ठरलेलं होतं आणि त्यात बसणारे डीएलपी (बारीक आरशांच्या चिपवर चालणारे) प्रोजेक्टर मोजकेच होते. गाडी अडली ती पडद्याच्या रंगापाशी. पुण्यात तपकीर गल्लीत एका दुकानात म्हणाले, "पांढराच न्या, सगळे तोच नेतात." शेजारच्या दुकानात, "ग्रे घ्या, ब्लॅक मस्त येतो." आणखी पुढे एकाने जवळजवळ काळ्या दिसणाऱ्या पडद्याचं माहितीपत्रक माझ्या नवऱ्याच्या हातात दिलं. प्रश्न मी विचारत होते, उत्तरं त्याला मिळत होती. असो.

प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, तो फक्त प्रकाश टाकतो. सिनेमातली रात्र म्हणजे पडद्याचा तो भाग, जिथे प्रकाश कमीत कमी पडलाय. तिथे आपल्याला दिसतो तो पडद्याचा स्वतःचा रंग, खोलीत जेवढा उजेड असेल तेवढ्या उजेडात. एवढं लक्षात आल्यावर दुकानात विचारत बसण्यात अर्थ उरला नाही. खोलीच बघायला हवी होती.

आणि आमची खोली म्हणजे हॉल. भिंती ऑफ-व्हाइट, छत पांढरंशुभ्र, पश्चिमेला बाल्कनीचं सरकतं काचेचं दार, आणि ट्यूबलाइट नेमकी पडद्यासाठी ठरवलेल्या भिंतीच्या माथ्यावर. सिनेमा बघायची वेळ जेवणाची. सासूबाईंनी आधीच बजावलं होतं, "अगं, दिवा लागलेला असू दे हं. ताटात काय वाढलंय ते तरी दिसायला हवं."

आधी प्रकाशाचा हिशेब केला. 100 इंची 16:9 पडदा 87 इंच रुंद आणि 49 इंच उंच असतो, म्हणजे साधारण 30 चौरस फूट. प्रोजेक्टरवर 3000 ल्यूमेन (एकूण प्रकाशाचं माप) लिहिलेले होते. पण तो आकडा सगळ्यात भडक मोडमधला. सिनेमा मोड आणि वीज वाचवणारा इको मोड धरले की त्यातला बराच प्रकाश जातो, म्हणून मी निम्मेच, 1500 धरले. ल्यूमेन भागिले चौरस फूट, गुणिले पडद्याचा गेन, की येतात फूट-लँबर्ट, म्हणजे पडदा किती उजळ दिसेल त्याचं माप. गेन म्हणजे प्रमाण मानलेल्या पांढऱ्या पृष्ठभागाच्या तुलनेत पडदा समोर किती प्रकाश परत पाठवतो तो आकडा. साध्या मॅट व्हाइटचा 1 च्या आसपास, फिकट करड्याचा 0.8 च्या आसपास. पांढऱ्यावर आले 50, करड्यावर 40. डिजिटल सिनेमागृहासाठी प्रमाण आहे 14. प्रोजेक्टरचा दिवा जुना होऊन प्रकाश निम्म्यावर आला तरी करड्यावर 20 उरतात. म्हणजे प्रकाशाची आम्हाला ददात नव्हती, करडा परवडत होता.

पूर्वी गणपतीत गल्लीच्या मधोमध कापड ताणून सिनेमा दाखवायचे आणि लोक दोन्ही बाजूंनी बसून बघायचे, तिथे पांढऱ्याशिवाय दुसरा रंग चाललाच नसता. पातळ कापडातून बराच प्रकाश पलीकडे जायचा, उरलेल्यावर भागवायचं. प्रकाशाचा तुटवडा असेल तिथे पांढरा, हा नियम मला तरी अजून पटतो.

मागितले तर दुकानदार नमुन्याचे तुकडे देतात. ते भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवले आणि दुपारी, दिवेलागणीला आणि रात्री बघितले. शेजारी ठेवले की पांढरा दर वेळी जिंकतो आणि करडा मळका वाटतो. ही तुलनाच फसवी आहे, कारण डोळा समोरच्या सगळ्यात उजळ वस्तूला पांढरं धरतो आणि बाकीचं त्यावरून जोखतो. म्हणून अप्पा बळवंत चौकातून फिकट करडी कार्डशीट आणून, एकमेकांना जोडून, अख्खं चित्र फक्त त्यांच्यावरच पाडलं. पाचेक मिनिटांत करडेपणा विसरायला झाला. क्रिकेटपटूंचे पांढरे कपडे पांढरेच दिसत होते आणि अंधारातले प्रसंग धुरकट वाटत नव्हते. मोबाइलने फोटो काढून तुलना मात्र करू नका, कॅमेरा एक्स्पोजर स्वतःच बदलत राहतो.

नमुन्यांतला एक करडा निळसर होता. पूर्ण पांढरं चित्र पाडल्यावर ते लगेच कळलं. प्रोजेक्टरच्या सेटिंगमधून निळा उतरवता येतो, पण त्यात प्रकाशही जातो. ज्यांना भिंतच रंगवून पडदा करायचा आहे त्यांनी यासाठी जास्त जपावं. रंगाच्या कार्डावरचे बरेच करडे निळ्या, हिरव्या किंवा तपकिरी छटेचे असतात, आणि शेजारी कोरा कागद धरल्याशिवाय ते कळत नाही.

दुकानदार सहसा सांगत नाहीत ती गोष्ट आता. ट्यूब चालू असेल तर साधा करडा पडदा तुम्हाला वाचवत नाही. तो ट्यूबचा प्रकाश 20 टक्के कमी परतवतो, तसाच प्रोजेक्टरचाही. दोघांचं प्रमाण तेच राहतं. फायदा होतो तो दोन ठिकाणी. एक, स्वस्त डीएलपीचा काळा मुळातच करडट असतो, तो थोडा खाली जातो. दुसरा फायदा आमच्यासारख्या पांढऱ्या खोल्यांत. पडद्यावरचा प्रकाश छताला आणि भिंतींना आपटून पुन्हा पडद्यावर येतो आणि अंधारे भाग धुऊन काढतो. हा परतलेला प्रकाश करड्या पडद्यावर दोनदा छाटला जातो, मूळ चित्र एकदाच. भिंती गडद असतील तर या फायद्यातलं फारसं काही उरत नाही.

दिव्याचा उजेड खरोखर नाकारतात ते एएलआर पडदे, माहितीपत्रकातले ते काळपट. त्यांचा पृष्ठभागच असा घडवलेला असतो की एका दिशेने आलेला प्रकाश प्रेक्षकाकडे जावा आणि बाकी दिशांचा इकडेतिकडे. काम छान करतात, पण अटी घालतात. भिंतीला खेटून ठेवायच्या अल्ट्रा शॉर्ट थ्रो प्रोजेक्टरसाठी बनवलेला पडदा खालून येणारा प्रकाश घेतो आणि वरून येणारा टाळतो. आमच्यासारख्या छताला टांगलेल्या प्रोजेक्टरचा प्रकाश तो टाळायच्याच बाजूला टाकणार. लांबून टाकणाऱ्या प्रोजेक्टरसाठी वेगळे मिळतात, पण बऱ्याच जणांत बाजूला बसलं की चित्र मंदावतं आणि काहींत उजळ भागावर चमचम दिसते. सासूबाईंची खुर्ची कोपऱ्यात, मुलं सतरंजीवर पसरलेली. किंमत बाजूला ठेवली तरी तो आमच्या घरातला पडदा नव्हे.

नवऱ्याने फ्लेक्सवाल्याकडून मागून काळा असलेला कोरा फ्लेक्स आणायचं सुचवलं. स्वस्त पडला असता, आणि मागच्या काळ्या थरामुळे भिंतीचा रंगही आरपार दिसला नसता. पण मिळाला तो तुकडा चकचकीत होता. मधोमध प्रोजेक्टरच्या प्रकाशाचा ठिपका आणि घडीच्या रेषा, दोन्ही दिसत होतं.

शेवटी 0.8 गेनचा फिकट करडा, फ्रेमवर ताणलेला, चारी बाजूंनी काळी मखमली पट्टी असलेला पडदा घेतला. गुंडाळायचा स्वस्तात मिळत होता, पण त्याच्या कडा काही काळाने आत वळतात आणि कॅमेरा आडवा सरकला की चित्रात लाटा येतात. रंगाइतकंच काम दिव्याने केलं. ट्यूब तिथून काढली आणि जेवायच्या जागेवर, पडद्याकडे आड धरेल अशा शेडमध्ये, खाली तोंड केलेला एक दिवा टांगला. ताट दिसतं, पडद्यावर उजेड पडत नाही. बाल्कनीला जाड गडद पडदे लावले. छत गडद करायचा प्रस्ताव सासूबाईंनी ऐकूनही घेतला नाही. मीही ताणलं नाही, कारण करडा घेण्यामागे छत हेच मोठं कारण होतं.

उन्हाळ्यात दुपारची मॅच असली की दार बंद, पडदे ओढलेले आणि प्रोजेक्टर भडक मोडवर. एरवी तो इकोवरच चालतो. दिवा थकला की नॉर्मलवर नेईन, तेवढी जागा हिशेबात ठेवली आहे.